बर्फाच्या शेजारी

नांदुऱ्यात लग्नसराई लागल्याचं आमच्या गल्लीला बँडच्या आधी बर्फावरून कळतं. बारदानात गुंडाळलेली लादी अंगणातल्या दगडावर ठेवायची आणि वरून लाकडी मोगरीनं ठोकायची. आवाज दबका निघतो, भिंतीपलीकडे कुणी गादी झोडपतंय असा. बारदान उघडलं की आत पांढरे, धुरकट तुकडे. परवा घरी आले, ऑटोतून उतरले आणि दारापाशीच तो आवाज कानावर पडला. एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात थर्मोकोलचा डबा. डब्याचा हात आपोआप छातीशी आला.

खरं तर हा माझ्या लहानपणाचा आवाज. बाबा लग्नात पॉटची आइस्क्रीम करून देतात. लाकडी पीप, मधोमध उभा डबा, डब्यात आटवलेलं दूध आणि साखर, भोवती बर्फाचा चुरा आणि खडे मीठ. मग हँडल फिरवत राहायचं. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो आणि वितळता वितळता आणखीच थंड होतो, हे मला लहानपणी कोडंच वाटायचं. वितळतोय म्हणजे गरम होतोय ना? एकदा विचारलं, तेव्हा बाबा हँडल न थांबवता म्हणाले होते, "मीठ पडलं का बरफाले राग येते. रागात तो दुधाले धरते."

पिपाच्या भोकातून खारं पाणी गल्लीत वाहायचं. ते वाळलं की जमिनीवर पांढरा नकाशा उमटायचा आणि शेजारच्या कुरेशींच्या शेळ्या येऊन तो चाटत बसायच्या. चैत्र-वैशाखात बाबांचे तळहात मिठानं फाटलेले असायचे. ते जेवायला बसले की वांग्याच्या भाजीचं तिखट चिरांमध्ये जायचं. बाबा चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत, फक्त जेवण लवकर उरकायचे. नंतर आई खोबरेल तेल घेऊन बसायची. त्या तळहातांवर मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी, पण ती लिहायला लागलेली शाई कुठून आली हे मला कुणी विसरायला लावू शकणार नाही.

आईला साखरेचा आजार. रोज सकाळ-संध्याकाळ पोटाला चिमटा काढून सुई टोचून घेते. घरी बऱ्याच उशिरा फ्रिज आला आणि आला तेव्हाही विजेचा भरवसा नव्हता. म्हणून ती इन्सुलिनची बाटली एका लहान गाडग्यात ठेवायची, ते गाडगं ओल्या वाळूच्या परातीत आणि वरून ओलं फडकं. ती सवय तिनं फ्रिज आल्यावरही सोडली नाही. बारावीत असताना तिनं मला विचारलं होतं, "एवढं शिकून राह्यली तू, तं एक सांग. या सुईची गोळी काऊन नाही निंघत?"

उत्तर मला कॉलेजात गेल्यावर आलं. इन्सुलिन हे प्रथिन. तोंडावाटे घेतलं की पोट त्याला डाळीच्या वरणासारखंच पचवून टाकतं. औषध चांगलं असून भागत नाही, ते मुक्कामाला पोचवावं लागतं. आता तर अशीही औषधं आली आहेत की ज्यांत प्रथिन नसतंच, प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप असतो. तो निरोप पेशीच्या आत पोचला तर पेशी स्वतःच औषध तयार करते. पण हा निरोप इतका नाजूक की रक्तात उघडा सोडला तर वाटेतच त्याचे तुकडे होतात. त्याला गुंडाळायला काहीतरी हवं. ते काहीतरी शोधणं, म्हणजे निरनिराळी वेष्टनं बनवून कोणतं टिकतं, कोणतं पेशीत शिरतं, कोणतं आत जाऊन वेळेवर उलगडतं हे चाळून पाहणं, हेच माझं काम झालं.

बाबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे दवाई दुसऱ्याची. तू डब्बा बनवतं."

"हो बाबा. डब्बाच."

"मंग बरोबर हाय. डब्बा पक्का पाह्यजे. आइस्क्रीम डब्ब्यानंच बिघडते."

नांदुरा घाटाखाली, आमचं कॉलेज राजूर घाट चढून वर, घाटावर. जिल्ह्यात राहणाऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही. घाटावर हवा जरा सैल, घाटाखाली उन्हाळा म्हणजे भट्टीचं तोंड. प्रयोगशाळा लहानशी, एकच एसी, तोही मधूनच खोकणारा. पण आमच्या मॅडम अशा की त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या संस्थेशी बोलून आम्हाला या कामात जोडून घेतलं. वेष्टनं आम्ही बनवायची, पेशींवरची परीक्षा तिथे व्हायची. मॅडमनी मला कधी गावाकडची म्हणून दुय्यम काम दिलं नाही आणि कधी गावाकडची म्हणून सवलतही दिली नाही. दोन्हींबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी रोज तेच करत होते. एका नळीत तेलकट द्रव्य, दुसरीत निरोपाचं पाणी, दोन्ही एका झटक्यात एकत्र. हात अडखळला तर संपलं. जमलं तर पाण्यात एक फिकट निळसर झाक यायची, सकाळी चुलीच्या धुरावर ऊन पडल्यावर दिसते तशी. कण अगदी बारीक आणि एकसारखे झाल्याची ती खूण. नाही जमलं तर दूध नासल्यासारख्या चिंध्या. नासलेलं फेकायचं, जमलेलं बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरायचं. मॅडमनी काही कुप्यांत साखरेचं पाणी घालायला सांगितलं होतं. "असू दे थोड्या साखरेच्या," म्हणाल्या. मी घातलं, पण माझा जीव बिनसाखरेच्या एका कुपीत अडकला होता. तिची निळाई सगळ्यांत सुंदर होती. जाता-येता ती उजेडात धरून बघायचा मला नाद लागला होता.

संस्थेत आमच्या कुप्या तपासायला एकच पाळी मिळाली होती. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "निकाल बरा आला तर काम पुढे चालेल आणि तू त्यावर पीएच.डी. करशील. नाही आला तर मला तुला ठेवता येणार नाही, वैशाली." नाही आला तर काय, हे मला माहीत होतं. स्टेशन रोडवरच्या एका मेडिकलवाल्यानं जागा ठेवली होती. ते काम कमी प्रतीचं नाही. पण आईच्या प्रश्नापासून तिथवर येऊन मागे फिरायचं, हे नुसतं मनात आलं की मी पुन्हा नळ्या हातात घ्यायची.

नागपूरला नेईपर्यंत कुप्या थंड ठेवायच्या होत्या, पण गोठू द्यायच्या नव्हत्या. गोठलं की पाण्याचे स्फटिक होतात आणि ते नाजूक वेष्टन चिरडून टाकतात. हे मला इतकं पाठ होतं की दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

राजूर घाट उतरताना बसच्या खिडकीतून झळ आत यायला लागली. डबा मांडीवर, वर ओला टॉवेल. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डब्ब्याचं तिकीट नाही लागत, पण त्याले खिडकी कायले दिली?" सगळे हसले, मीही हसले. झाकणावरचा हात मात्र काढला नाही. रेल्वे नांदुऱ्याहून दुसऱ्या दिवशी सकाळी होती. बेत असा की रात्री घरच्या फ्रिजमध्ये कुप्या आणि वरच्या कप्प्यात थंडाव्याच्या पिशव्या, सकाळी पुन्हा भरून निघायचं. संध्याकाळी वावटळ आली, कडुलिंबाची फांदी तारेवर पडली आणि आख्ख्या गल्लीची वीज गेली.

लाइनमन उजाडेपर्यंत येणार नाही असं कळलं. मी फ्रिजला पाठ लावून बसले. आई म्हणाली, "दार उघडून उघडून पाहू नको, त्यानंच गरम होते." फ्रिज कसाबसा टिकला, पण सकाळी पिशव्या मऊ पडल्या होत्या. नागपूरपर्यंत पुरणार नव्हत्या.

"काऊन घाबरून राह्यली?" बाबा म्हणाले. "बरफाच्या घरात बरफाची फिकीर? तू आंघोळ कर. मी भरतो डब्बा."

"पण बाबा, थंड राहिलं पाहिजे हं. पार नागपूरपर्यंत."

"अवं, नवरदेवाची वरात तीन घंटे लेट आली तरी माही आइस्क्रीम पाघळली नाही. तू मले थंड शिकवतं?"

त्या दिवशी बाबांची दोन लग्नांची ऑर्डर होती. त्यातल्या चांगल्या लादीचा मधला, काचेसारखा तुकडा त्यांनी माझ्यासाठी काढला होता. मी आंघोळ करून आले तेव्हा डबा चिकटपट्टीनं बंद होता, वर बारदान बांधलेलं आणि बारदानाला धरायला सुतळीची मूठसुद्धा केलेली. बर्फाच्या कारखान्यातले रशीदचाचा लादी उतरवून दारातच उभे होते. म्हणाले, "क्या डॉक्टरीन, नागपूरवाल्यांना आइस्क्रीम खिलवायला चाललीस?" बाबा म्हणाले, "आइस्क्रीम नाही, तिची परीक्षा हाय त्याच्यात." ते वाक्य ऐकून मला भरून आलं. डबा उघडून पाहावा असं मनात आलं होतं. गाडीची वेळ झाली होती.

शेगाव गेलं. बाहेर रिकामी वावरं, उन्हात पांढरी पडलेली. माझ्या शेजारी वरवट बकालच्या एक काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "लेकरू झोपवल्यावानी धरलं वं बाई. काय हाय?" मी म्हटलं, औषध. "कोनाले?" मी डब्याची सुतळी घट्ट केली.

अकोल्याला गाडी थांबली तेव्हा डब्यातला थर्मामीटर बघावा म्हणून मी चिकटपट्टी काढली. झाकण उघडताच जो गारवा अंगावर आला, तो ओळखीचा होता. तो नुसत्या बर्फाचा नव्हता. तो आमच्या पिपाचा होता. बर्फाच्या तुकड्यांमध्ये खडे मीठ चमकत होतं, भरपूर, हात आखडता न घेता टाकलेलं. थर्मामीटरचा पारा शून्याच्या कितीतरी खाली. कुप्यांमधलं पाणी पांढरं, घट्ट, आणि एकेका कुपीच्या काचेवर बर्फाची साय.

काकू काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. मला वाटलं, पुढच्या स्टेशनावर उतरावं आणि परतीची गाडी धरावी. मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "उतरू नकोस. मीठ बाजूला काढ, कुप्या हळूहळू वितळू दे. जे उरेल ते घेऊन जा." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मूर्तिजापूर ते बडनेरा मी कुप्या ओढणीत घेऊन बसले. उन्हाळ्यातला डबा, सगळ्यांना घाम फुटलेला आणि माझी बोटं मात्र बधिर. एक कुपी वितळली, उजेडात धरली. चिंध्या. दुसरी, चिंध्या. तिसरी माझी लाडकी होती. ती मी मुद्दाम मागे ठेवली, मग राहवेना म्हणून काढली. नासलेल्या दुधासारखं तळाशी काहीतरी साचलं होतं आणि वरचं पाणी साधं झालं होतं. नळाचं असतं तसं. निळाई गेलेली.

नेमका तेव्हाच बाबांचा फोन आला. मागे मंगलाष्टकांचा भोंगा. ते मोठ्यानं विचारत होते, "काय वं, थंड राह्यलं का?"

"हो बाबा," मी म्हटलं. "लय थंड होतं."

"मंग! म्या सांगतलं नव्हतं?" आणि कुणीतरी आइस्क्रीम मागायला आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वर्ध्याच्या अलीकडे साखरेच्या कुप्या वितळल्या. त्यांच्याकडे बघायची माझी इच्छाच नव्हती. खिडकीत ठेवल्या होत्या. गाडी वळली, ऊन आत आलं आणि त्यांतल्या काहींच्या कडेला धुरासारखी निळी रेघ दिसली. मी डोळे चोळले. काकूंना विचारलं, "तुम्हाला निळं दिसतं का हो?" त्या वाकल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसते थोडंसं. नीळ टाकल्यावानी."

संस्थेतले सर मितभाषी होते. मी दारातच उभी राहून झालेलं सांगितलं, वडील काय करतात तेही सांगितलं. त्यांनी कुप्या यंत्राखाली घातल्या. ते यंत्र कणांवर प्रकाश टाकून त्यांचा आकार सांगतं. एकेक आकडा पडद्यावर येत होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते. बहुतेक कुप्या गेलेल्या होत्या. साखरेच्या काही शाबूत. सर म्हणाले, "गोठवून टिकतं का, हे कधीतरी पाहायचंच होतं. तुम्ही ते आधी पाहिलंत. उरलेल्या कुप्या पेशींवर घालू." साखर वेष्टनाला गोठण्यापासून सांभाळते, ही काही आमची नवलाई नव्हती, जगाला ते ठाऊक होतं. मला फक्त ते पुस्तकातून ठाऊक होतं.

मग दोन दिवस वाट पाहणं. आमच्या निरोपात हिरवं चमकणारं प्रथिन बनवायला सांगितलं होतं. तो पेशीत पोचला तर पेशी हिरव्या चमकणार होत्या. तिसऱ्या दिवशी सरांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिला नमुना काळा. दुसराही काळा.  शेवटून दुसऱ्या नमुन्यात मला आधी वाटलं की डोळ्यांना भास होतोय. मग अंधारात एकेक हिरवा ठिपका उघडत गेला, दाट नाही, विरळ, लांबच्या वस्तीवरच्या दिव्यांसारखा. ज्या कुपीला मी कधी उजेडात धरून पाहिलं नव्हतं, तिच्यातला निरोप पोचला होता.

काम पुढे चाललं. मला ठेवलं गेलं. माझी लाडकी कुपी नंतर पुन्हा बनवली, पण तिनं पेशीत शिरायचं नाव घेतलं नाही. दिसायला सुंदर, एवढंच. आणि आईची सुई अजून सुरूच आहे. वेष्टन शोधणारे जगभर आहेत, मी त्यातली घाटाखालची एक. आई आता गोळीबद्दल विचारत नाही. कधी कधी सुई टोचताना नुसती माझ्याकडे बघून हसते.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी डबा घेऊन नांदुऱ्यावरून जाते. बाबा पुढे यायचे, मी म्हणायची, "राहू द्या बाबा, मी भरते. तुमची ऑर्डर आहे." ते मागे व्हायचे. मीठ हा शब्द आमच्यात कधी निघाला नाही. त्यांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या वाट्याचा चांगला बर्फ मला दिला होता, त्यांना असलेली सगळी विद्या त्या डब्यात ओतली होती. त्यांना काय सांगायचं? आणि सांगायचं तर कोणत्या तोंडानं?

याही खेपेला तेच. काल सकाळी मी पिशव्या काढल्या, डबा उघडला. बाबा अंगणात पीप धूत होते. हात पुसत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. मी नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात तेच बोलले.

"वैशू, त्या साली मीठ नव्हतं टाकाचं नं?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगते? तू फोनवर म्हणली, लय थंड होतं. बरं होतं, असं नाही म्हणली. अन् तवापासून डब्ब्याले हात लावू देत नाही तू मले." ते जमिनीकडे बघत होते. "म्या लय डाव इचार केला. तुले इचाराची हिंमत नाही झाली. पोरीची परीक्षा आपल्या हातानं गेली असन तं?"

"गेली नाही, बाबा. वाचली."

"खरं?"

मग मी सांगितलं. सगळं, मूर्तिजापूर आणि चिंध्या आणि निळी रेघ आणि हिरवे ठिपके. साखरेपाशी आले तेव्हा ते पहिल्यांदा वर बघून हसले. "हाव, साखरेचं दूध लवकर नाही गोठत. म्हणून तं मीठ लागते." मी म्हटलं, आमच्या औषधाला पाण्याचा बर्फ झालेला चालत नाही, थंड हवं पण गोठायला नको. एवढं साधं वाक्य त्या सकाळी सांगायचं राहून गेलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. हातात तिचं गाडगं होतं. म्हणाली, "म्हंजे माह्या सुईवानी. बरफात नाही ठेवाचं. बरफाच्या शेजारी ठेवाचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी आधी मिठाचं पोतं पायानं लांब ढकललं. मग बर्फ डब्याच्या एका कडेला लावला, मध्ये बारदानाची घडी उभी केली आणि दुसऱ्या कडेला माझ्या कुप्या ठेवल्या, एकेक करून. त्यांच्या फाटलेल्या बोटांत त्या अगदी लहान दिसत होत्या. झाकण लावलं, चिकटपट्टी ओढली, सुतळीची मूठ बांधली. मग तळहात झाकणावर ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"पाह्य एकडाव उघडून," म्हणाले. "गाडी निंघाच्या आधी."

"नको," मी म्हटलं आणि डबा उचलला.